मामांची क्लॅरोनेट आणि न्यू ऑर्लिन्सचा बँड

मागच्या शनिवारी मामांना घेऊन गंगापूर धरणाकडच्या एका द्राक्षमळ्यात म्युझिक फेस्टिव्हलला गेलो होतो, तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय म्हणून लिहूनच टाकतो. मामांनी बत्तीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवली, जुन्या नाशकात भद्रकाली, दहीपूल, पंचवटी, कुठल्या गल्लीतून त्यांची वरात गेली नाही असं नाही. मग डीजे आला, सुपाऱ्या कमी होत गेल्या आणि क्लॅरोनेट कपाटावर जाऊन बसली. पोस्टरवर ‘ट्रॅडिशनल जॅझ’ लिहिलेलं आणि खाली फोटोत ट्रम्पेट, क्लॅरोनेट, ट्रॉम्बोन दिसले तेव्हा पहिला फोन मी त्यांनाच केला. म्हणाले, "अरे तिथं सगळी वाइनवाली मंडळी, मी काय करू?" मी म्हटलं मामा, तुम्ही फक्त चला.

जॅझ म्हणजे बड्या लोकांचं संगीत, हा गैरसमज आपल्याकडे का आहे ते कळतं. १९३० च्या दशकात जॅझ मुंबईत रुजला तो ताजसारख्या हॉटेलांत, त्यामुळे ते सूटबूटवाल्यांचं संगीत असंच डोक्यात बसलं. पण मूळ अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये हे रस्त्यावरचं, मिरवणुकीचं संगीत होतं. तिथे बँडच्या मागे नाचत जाणाऱ्या लोकांना ‘सेकंड लाइन’ म्हणतात, म्हणजे आपली वरातच की. आणि तिथे अंत्ययात्रेलाही बँड असतो, जाताना संथ, रडवेल्या चाली आणि माणसाला निरोप देऊन झाला की परत येताना उडत्या. हे मी मामांना गाडीत सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, "म्हाताऱ्या माणसांच्या यात्रेत आम्हीपण वाजवलंय. येताना मात्र आम्ही गप येतो."

बँड सुरू झाला आणि पाचव्या मिनिटाला मामा खुर्चीच्या टोकावर. ट्रम्पेटवाला मेन चाल धरून चाललाय, क्लॅरोनेट तिच्या वरून, आजूबाजूनं, मधल्या फटींतून पळतीये, ट्रॉम्बोन खालून सरकत सरकत आधार देतोय, तिघं एकाच वेळी वाजवतायत आणि समोर कागद कुणाच्याच नाही. मामा कानाशी येऊन म्हणाले, "तिघंबी बोलतायत, पण कुणी कुणाच्या पायात येत नाही." जुन्या जॅझचं याच्यापेक्षा चांगलं वर्णन मी तरी वाचलेलं नाही.

मग ट्रॉम्बोनवाल्यानं एक लाल रबरी वाटी काढली आणि भोंग्यावर उघडझाप करायला लागला, आवाज अगदी माणूस कुरकुरल्यासारखा, वा वा वा. मामांनी मान पुढे काढून नीट बघितलं आणि माझा हातच धरला. "अरे ही तर मोरी तुंबल्यावर वापरतात ती!" खरंच तीच, प्लंबरचा पंप, फक्त दांडा काढलेला. जॅझवाले शंभर वर्षांपासून हे वापरतात. मामा पुढचं अख्खं गाणं त्या वाटीकडेच बघत होते.

माझं सगळ्यात आवडतं मात्र गाणारी बाई आली तेव्हा. तिनं ‘सेंट लुईस ब्लूज’ घेतलं, डब्ल्यू. सी. हँडीचं, १९१४ सालचं. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांची मनातलं दुःख सांगणारी गाणी. त्यात पहिली ओळ म्हणायची, तीच परत म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत उत्तर द्यायचं, आणि प्रत्येक ओळीनंतर थोडी जागा सोडायची, तिथे ट्रम्पेट बोलणार. ती बाई खरंच थांबायची, डोळे मिटून ट्रम्पेटचं ऐकून घ्यायची आणि मगच पुढे जायची. आजूबाजूला गप्पा, सेल्फी चाललेले, याचा मला खूप राग आला, इतकं जीव तोडून कुणी गातंय तर पाच मिनिटं गप्प बसायला काय होतं?

घरी यायला साडेअकरा वाजले तरी मामांना सोडवेना, म्हणून मोबाइलवर त्याच गाण्याचं १९२५ चं रेकॉर्डिंग लावलं. बेसी स्मिथ गातीये आणि मधल्या जागांत कॉर्नेटवर, म्हणजे ट्रम्पेटच्याच धाकट्या भावावर, लुई आर्मस्ट्राँग, तेव्हा जेमतेम तेवीस वर्षांचा पोरगा. मामा पहिल्या दहा सेकंदातच म्हणाले, "थांब. हा ऑर्गन आहे." बरोबर होतं, त्या रेकॉर्डवर पियानो नाहीच, फ्रेड लाँगशॉ रीड ऑर्गन वाजवतोय. आपल्या संगीत नाटकांत साथीला असायचा त्याच जातीचा! मामांचे वडील नाटकवेडे, त्यामुळे तो सूर त्यांच्या कानात लहानपणापासून आहे. चार वेळा ऐकलं.

मग गोव्याच्या ट्रम्पेटवाल्या चिक चॉकलेटचा विषय निघाला, ज्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे तो. सी. रामचंद्रांबरोबर काम करायचा, आणि रामचंद्र तर आपल्या इथल्या पुणतांब्यात जन्मलेले. त्यांच्या १९५१ च्या ‘अलबेला’ची गाणी मामांनी शेकडो वरातींत वाजवलीत. "म्हणजे आम्ही हेच वाजवत होतो की रे," एवढंच बोलले आणि बराच वेळ गप्प.

काल मामी फोनवर सांगत होती, कपाटावरची पेटी खाली आलीये, क्लॅरोनेटचे बूच वाळून सुटलेत, त्यांना ग्रीस लावणं चाललंय. संध्याकाळी मामांचा स्वतःचा फोन, क्लॅरोनेटच्या तोंडाला लावायच्या रीड, म्हणजे पातळ पट्ट्या, ऑनलाइन मिळतात का बघ, अडीच नंबरच्या, आणि ते ऑर्गनवालं गाणं व्हॉट्सॲपवर पाठव.