मागचे चाक तसेच का ठेवले? तुम्ही विचारलंत म्हणून

रत्नागिरीत बुलेट कुठेही उभी केली की थोड्याच वेळात कोणीतरी तिच्याभोवती फेरी मारतो आणि ठरलेला प्रश्न विचारतो: पुढचे चाक एवढे लखलखीत, मग मागच्यावर हे तपकिरी डाग कसे? विचारणाऱ्याच्या स्वभावाप्रमाणे प्रश्नाचे शेपूट बदलते. कोणी म्हणतो, पैसे संपले का. कोणी म्हणतो, कंटाळा आला असेल. आणि गाड्यांतले थोडेफार कळणारा हळूच सुचवतो की एवढे केलेत तर मागचीही रिम बदलून टाका. आजवर मी प्रत्येकाला वेगळे उत्तर दिले आहे आणि त्यांतली काही उत्तरे सरळ खोटी होती, कारण खरे उत्तर रस्त्याच्या कडेला उभ्या उभ्या सांगण्याएवढे लहान नाही.

आळसाचा आरोप आधी निकालात काढतो. पुढची रिम नवी आहे, ती फक्त पुसावी लागते. मागच्या चाकावर मात्र दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर मी जो वेळ घालवतो, तेवढ्या वेळात अख्खी गाडी दोनदा धुऊन होईल. आधी रॉकेलच्या फडक्याने चेनकडून उडालेले ग्रीस काढायचे, मग साबणाचे पाणी, मग स्पोक एकमेकांना जिथे ओलांडतात तिथली माती जुन्या टूथब्रशने उकरायची. एवढे झाल्यावरच डागांकडे वळता येते. त्यासाठी पोळ्या गुंडाळायची ॲल्युमिनियमची फॉइल पाण्यात भिजवून तिचा चुरगाळलेला बोळा रिमवर फिरवायचा, दाब न देता. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा पुष्कळ मऊ असल्यामुळे ओरखडे उमटत नाहीत, आणि गंज मात्र सुटत जातो. बोळ्याखाली करड्या रंगाचा पातळ लगदा साचतो, त्यात तपकिरी रेघा मिसळतात आणि फडक्याने पुसले की खालून आरसा निघतो. तो सगळीकडे निघत नाही, हेच तर दुखणे आहे. पुसलेल्या जागेवरून नख फिरवावे. नख घसरले तर तो डाग होता आणि तो गेला. नख अडकले तर तो खड्डा आहे आणि तो घासून जाणार नाही.

असे का, हे थोडक्यात सांगतो, कारण अर्धे सल्ले हे न कळल्यामुळेच दिले जातात. रिमवरची चकाकी आपल्याला क्रोमची वाटते, पण क्रोमचा थर सहसा अर्ध्या मायक्रॉनहूनही (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पातळ असतो. पोलादाचे खरे संरक्षण त्याखालचे निकेल करते, आणि चांगल्या कामात तेही साधारण 10 ते 30 मायक्रॉनच असते. क्रोम स्वतः तांबडा गंज धरत नाही. जो तपकिरी ठिपका दिसतो, तो थरातल्या बारीक छिद्रातून आतल्या पोलादाने बाहेर टाकलेला गंज असतो. त्यात पोलाद उघडे पडले की वरचे निकेल त्याला वाचवण्याऐवजी त्याच्या झिजण्याला गतीच देते. आमच्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने खारा वारा असतो. मिठातले क्लोराइड अशी छिद्रे शोधून काढण्यात पटाईत. त्यामुळे ‘एकदा नीट साफ केले की झाले’ असे मला कोणी घाटमाथ्यावरच्या माणसाने सांगू नये.

आणि शौचालय धुण्याचे ॲसिड तर मुळीच सुचवू नये. हायड्रोक्लोरिक ॲसिड गंजाबरोबर क्रोमही विरघळवते, खालचे पिवळसर निकेल उघडे पडते, आणि निपलच्या, म्हणजे स्पोक रिमला आवळून धरणाऱ्या छोट्या नटाच्या, आट्यांत शिरलेले ॲसिड कितीही पाणी मारले तरी पुरते निघत नाही. पुढच्या आणि मागच्या चाकात चाळीस-चाळीस स्पोक सतत ताणाखाली असतात. ॲसिडच्या क्रियेतून सुटलेला हायड्रोजन अशा कठीण तारेत शिरला की तार ठिसूळ होऊ शकते. दिसायला तीन दिवस सुंदर आणि चालवायला धोक्याचे, असे चाक मला नको आहे. हबचे, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याचे, ॲल्युमिनियम कॉस्टिक सोड्याने काळे पडते, तेव्हा तोही उपाय नको. आणि पॉलिशचे बोट ब्रेक ड्रमच्या आतल्या बाजूला लागता कामा नये, हे सांगावे लागू नये, पण सांगावे लागते.

आता पुढच्या रिमविषयी. वडील गेल्यानंतर गाडी काही वर्षे पडवीत मधल्या स्टँडवर उभी होती. पडवी आखूड, म्हणून पुढचे चाक बाहेर, नेमके पागोळ्यांखाली. ती तशी कोणी उभी केली, याची चर्चा आमच्या घरात होत नाही. गाडी पुन्हा रस्त्यावर आणायचे ठरवले तेव्हा माझे तत्त्व पक्के होते: 1979 साली गाडीबरोबर जे आले, ते शक्यतो तसेच राहिले पाहिजे. दोन्ही चाके मेकॅनिककडून सोडवून घेतली, रिम मोकळ्या केल्या आणि त्या जुन्या चादरीत बांधून एसटीने कोल्हापूरला नेल्या, कारण एखाददुसऱ्या रिमला क्रोम मारून देणारा माणूस उद्यमनगरात मिळेल असे कळले होते. कंडक्टरने लगेजचे तिकीट फाडले आणि आंबा घाट उतरेपर्यंत... नाही, चढेपर्यंत त्या गाठोड्यात आहे काय, याची विचारपूस मागच्या बाकापर्यंत चालू होती. मी प्रत्येकाला अभिमानाने सांगत होतो.

कारखाना म्हणजे एक लांबट शेड होती; एका टोकाला बफिंगच्या, म्हणजे फिरत्या चाकावर धातू घासून गुळगुळीत करण्याच्या, मोटारी, दुसऱ्या टोकाला टाक्या. बफिंगवर बसलेला वयस्कर कारागीर उठून आला. त्याने पुढची रिम हातात घेतली, बाहेरून पाहिलीसुद्धा नाही. अंगठा आतल्या बाजूने, जिथे ट्यूबला स्पोकांपासून वाचवणारी रबरी टेप बसते त्या खोलगट पन्हळीतून फिरवला, एका जागी थांबला, पुन्हा मागे नेला. मग त्याने रिम डोक्याच्या वर उचलून छताच्या ट्यूबलाइटसमोर धरली आणि मला म्हणाला, “हिकडं या, साहेब. हितनं बघा.” मी त्याच्या खांद्याला खांदा लावून वर पाहिले. चार-पाच स्पोकांच्या भोकांमधल्या पट्ट्यात, जिथे पोलाद असायला हवे होते, तिथे उजेडाचे बारीक कण दिसत होते. मोजता येणार नाहीत इतके बारीक, पण होते. त्याच जागेची बाहेरची बाजू मी घरी फॉइलने घासून चकचकीत केलेली होती. अख्ख्या चाकात तोच भाग सर्वांत चांगला निघाला, असे मी स्वतःच मानले होते.

“हे घासायला घेतलं तर हातात काय ऱ्हाणार न्हाई बघा,” तो म्हणाला. मी वाद घातला. जुने क्रोम टाकीत उतरवून नुसते निकेल जाड मारता येईल का, भोके भरता येतील का, असे जे जे वाचले होते ते सगळे विचारले. त्याने शांतपणे सांगितले की प्लेटिंग खड्डा भरत नाही, तो चमकवून दाखवते. खड्डा घालवायचा तर आजूबाजूचे पोलाद खड्ड्याच्या तळापर्यंत घासून उतरवावे लागते, आणि इथे तळच उरलेला नाही. उभ्या गाडीत स्पोकांवरून ओघळलेले पाणी खालच्या निपलांच्या भोकांतून आत जात होते, आणि रबरी टेप ते पावसाळाभर धरून ठेवत होती. गंजाने आतून काम केले आणि बाहेर फक्त चार ठिपके दिसू दिले. त्या माणसाला काम नाकारून पैसे मिळणार नव्हते, उलट हो म्हणाला असता तर मिळाले असते. तरीही मी त्याच्यावर चिडलो होतो, आणि परतीच्या एसटीत कोणी गाठोड्याविषयी विचारले तेव्हा भंगार आहे, असे म्हणालो.

मागची रिमही त्याने तशीच अंगठा फिरवून आणि उजेडासमोर धरून पाहिली होती. ती आतून शाबूत निघाली. बाहेरून ती दोघींत जास्त कुरूप होती, आजही आहे. तिला क्रोम मारून द्यायला तो तयार होता, पण आधी किती घासावे लागेल हे विचारल्यावर त्याने दोन बोटे एकमेकांजवळ आणून जे अंतर दाखवले, ते पाहून मीच रिम चादरीत परत बांधली. जे पोलाद समुद्राने खाल्ले नाही, ते बफिंगच्या चाकाला खाऊ घालण्यात मला अर्थ दिसला नाही. तेव्हापासून पुढे नवी रिम आहे आणि मागे जुनी, साफ केलेली, आतून गंजरोधक रंग दिलेली आणि बाहेरून खड्ड्यांसकट.

एवढे ऐकून लोक म्हणतात, म्हणजे वडिलांची आठवण म्हणून ठेवली. तसे म्हटले की संभाषण संपते, म्हणून मीही मान हलवतो. पण आठवणच जपायची असती तर पुढची रिम भिंतीवर टांगली असती. ती मी भंगारात दिली. मागची रिम आहे, कारण ती अजून वजन पेलते.

आणि तरीही हे उत्तर मला पुरते पटलेले नाही. कोल्हापूरला जाण्यापूर्वीचा मी असतो तर आत्ताच्या मला विचारले असते: नवी रिम घालायला तुझी हरकत नव्हती, तर मग एकाच चाकापुरते तत्त्व का? जोडी जुळत नाही, जुनेपण अर्धे गेले, नवेपण अर्धे आले, आणि वर तू याला विचार म्हणतोस. त्याला देण्याजोगे उत्तर माझ्याकडे एकच आहे, की चकाकी पाहून चाक चांगले ठरवणारा तूच होतास. पण त्यावर तो म्हणेल की डाग पाहून चाक प्रामाणिक ठरवणारा तू काय वेगळा, आणि तिथे मला गप्प बसावे लागते.

व्हॉल्व्हच्या शेजारी दोन खड्डे गेल्या पावसाळ्यापेक्षा रुंद वाटतात. मागचा टायर बदलायला आलेला आहेच. दिवाळीनंतर तो उतरवला की टेप काढून आतून बॅटरीचा उजेड मारून पाहणार आहे. नव्या रिमचे पैसे बाजूला काढलेले आहेत, तेव्हा निदान पैसे संपले का, हे तरी आता विचारू नका.