चाळिसाव्या दिवसाची भेट

आमच्या शाळेचा मेळावा दरवर्षी २ फेब्रुवारीला भरायचा, मग वार कोणताही असो. नाताळचा दिवस धरून मोजलं की हा बरोबर चाळिसावा दिवस. मारिया आणि योसेफ यांनी बाळ येशूला यरुशलेमच्या मंदिरात नेलं, देवाला अर्पण केलं, त्याचा हा सण. शाळा सिस्टरांची. त्यामुळे शिकणाऱ्या मुली, माजी विद्यार्थिनींचं मंडळ आणि सगळ्या सिस्टर अशा आम्ही त्या दिवशी एकत्र मिस्सेला, म्हणजे चॅपेलमधल्या उपासनेला, जमायचो.

सुरुवात चॅपेलच्या बाहेर व्हायची, पहाटेच्या अंधारात. प्रत्येकीच्या हातात पुठ्ठ्याची गोल चकती अडकवलेली बारीक मेणबत्ती. पहिली मेणबत्ती पेटायची आणि तिथून ज्योत हातोहात मागे जायची. पहिल्या वर्षी मी घाईघाईनं माझी पेटलेली मेणबत्ती शेजारणीच्या वातीकडे वाकवली. गरम मेण थेट तिच्या मनगटावर सांडलं. तिनं ओठ दाबून धरले, पण रडली नाही. आमच्या वर्गाच्या सिस्टर मागून आल्या आणि हळूच म्हणाल्या, "अगं, पेटलेली सरळ धरायची. जिला ज्योत हवी, तिनं वाकायचं." मग धर्मगुरू मेणबत्त्यांना आशीर्वाद देत, त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडत, आणि आम्ही गात गात आत जायचो. मंदिरात भेटलेल्या शिमोन नावाच्या भक्तानं त्या बाळाला परराष्ट्रीयांना, म्हणजे यहुदी नसलेल्यांनाही, उजळणारा प्रकाश म्हटलं होतं. मिरवणुकीचा अर्थ तोच, हे वर्गात पाठ झालं होतं. पण मला तो कळला तळहातात ऊब जाणवली तेव्हा.

मिस्सेनंतर मुली बायबलमधल्या शुभवर्तमानातला हा मंदिरातला प्रसंग सादर करायच्या. १९९७ साली मी सातवीत होते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी हा दिवस सिस्टरांसारख्यांच्या व्रतस्थ जीवनासाठी नेमून दिला, त्याचं ते पहिलं वर्ष. सिस्टरांनी सगळ्यांसमोर आपल्या व्रतांचं नवीकरण केलं. मला हन्नाचं काम मिळालं होतं आणि मी चांगलीच हिरमुसले होते. शिमोनाला केवढं सुंदर स्तोत्र, आणि हन्नाच्या तोंडी एक शब्द नाही! शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकनं तिची माहिती मात्र भरपूर दिली आहे: फनूएलची मुलगी, आशेरच्या वंशातली, लग्नानंतर सात वर्षांत विधवा झालेली, ८४ वर्षांची संदेष्टी, मंदिर सोडून न जाणारी. मी तक्रार केली तशा सिस्टर म्हणाल्या, "बाळा, ती तर भेटेल त्याला येशूबद्दल सांगत सुटली. त्यातलं एकच वाक्य कसं लिहायचं?"

तेव्हापासून हन्ना माझी झाली, ती आजतागायत.

योसेफ झालेल्या मुलीच्या हातात कापसाची दोन कबुतरं असायची. यहुद्यांच्या नियमशास्त्राप्रमाणे अशा वेळी कोकरू द्यायचं, ऐपत नसेल तर पारव्यांची किंवा होल्यांची जोडी. लूकनं कोकराचा उल्लेखच केलेला नाही. ज्याला जगाचा तारणारा म्हणायचं, त्याच्या घरची ही ऐपत. मला या सणातलं सगळ्यात हृदयाला भिडणारं काही असेल तर ती कापसाची दोन पाखरं.

शिमोनाला आम्ही नेहमी पांढरी दाढी लावायचो. खरं तर शुभवर्तमानात त्याचं वय दिलेलंच नाही. त्यानं बाळाला हातात घेतलं आणि देवाला सांगितलं, आता मला शांतीनं जाऊ दे, माझ्या डोळ्यांनी तुझं तारण पाहिलं. आयुष्यभराची वाट पाहणं, आणि मूल हातात राहिलं ते घटकाभर. तेवढं त्याला पुरलं. त्याचं हे स्तोत्र ख्रिस्तसभा रोज रात्रीच्या प्रार्थनेत म्हणते. मीही झोपण्यापूर्वी म्हणते. दिवस ज्याचा त्याच्या हाती परत दिल्यासारखं वाटतं. त्याच शिमोनानं पुढे मारियेला सांगितलं की तुझ्या जिवातून तलवार जाईल. बाळ कडेवर असताना आईनं हे ऐकलं. मी आई झाले त्यानंतरच्या मेळाव्यात या वाचनाला मला उभं राहवेना.

पूर्वी हा सण मारियेच्या बाळंतपणानंतरच्या शुद्धीकरणाचा म्हणून ओळखला जायचा. पूर्वेकडच्या ख्रिस्तसभांनी जपलेलं नाव मात्र साधं आहे: भेट. देव आपल्या लोकांना भेटायला आला, आणि ओळखलं कुणी, तर वाट पाहणाऱ्यांनी. आमच्या मेळाव्यालाही मला तेच नाव द्यावंसं वाटतं.

गेल्या वर्षी आमच्या वर्गाच्या त्या सिस्टर चाकाच्या खुर्चीत होत्या. मी खुर्चीशेजारी उभी राहिले. ज्योत पुढून माझ्यापर्यंत आली. सिस्टरांनी थरथरत्या हातानं आपली मेणबत्ती माझ्याकडे वाकवली. वात पेट घेईना. त्यांनी पुन्हा वाकवली. मी माझी सरळ धरून ठेवली.