इतिहासाचं पुस्तक आधी मधून उघडा

इतिहास वाचायची हौस असते, पुस्तकही मोठ्या उत्साहाने घेतलं जातं, आणि पन्नासाव्या पानावर घातलेली खूण पुढे सरकत नाही. दोष बहुधा निवडीचा असतो. हजार पानांत सगळं जग बसवायचं तर एकेक राजघराणं परिच्छेदात उरकावं लागतं. माणसांची ओळख होण्याआधीच ती मरतात आणि हाती उरते नुसती सनावळी.

म्हणून विषय लहान घ्या. एक वेढा, एक साथ, एखादं वर्ष. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात कॉलरा पसरला. जॉन स्नो या डॉक्टरने घरोघर चौकशी केली, तेव्हा बहुतेक मृत्यू पाण्याच्या एकाच सार्वजनिक पंपाभोवती झालेले निघाले. मग त्या पंपाचा दांडा काढला गेला. एवढ्याशा हकिकतीत शहराचं सांडपाणी, गरिबांच्या वस्त्या, रोग दूषित हवेने होतो हा तेव्हाचा समज, सगळं येतं. पात्रं मात्र मोजकी, त्यामुळे लक्षात राहतात.

पहिल्या पानावरून पुस्तक ठरवू नका, ते प्रत्येक लेखक घोटून लिहितो. मधली दोन-तीन पानं वाचा आणि नवी नावं मोजा. पानाला सात-आठ नवी नावं येत असतील आणि कोण कुणाचा कोण हे कळत नसेल, तर ते पुस्तक जाणकारांसाठी आहे. मग शेवटची पानं बघा: टिपा, संदर्भ, नामसूची. लढाईच्या पुस्तकात नकाशा नसेल तर घेऊच नका. फोनवर वाचणार असाल तर नमुना उतरवून नकाशातली अक्षरं दिसतात का तेही पाहा.

ऐतिहासिक कादंबरीने गोडी जरूर लागते, पण तिच्यातले संवाद लेखकाचे असतात. इतिहास म्हणवणाऱ्या पुस्तकात अवतरणचिन्हांतली वाक्यं दिसली की टीप शोधा. ती पत्रातून, रोजनिशीतून किंवा न्यायालयातल्या जबानीतून आली असतील तर उत्तम. टीपच नसेल तर सावध राहा.

वाद असलेली गोष्ट लेखक कशी सांगतो, यावरून त्याची पारख होते. इटलीतलं पॉम्पेई शहर ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडलं गेलं इ.स. ७९ मध्ये. रोमन लेखक धाकटा प्लिनी याच्या पत्राच्या हस्तलिखितांवरून २४ ऑगस्ट ही तारीख रूढ झाली. २०१८ मध्ये तिथल्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली १७ ऑक्टोबरची नोंद उजेडात आली. तिच्यात वर्ष नाही, पण कोळशाची अक्षरं फार काळ टिकत नसावीत; म्हणून उद्रेक शरद ऋतूत झाला असावा, असं अनेक अभ्यासक मानतात. हा सगळा तपास वाचकाला दाखवणारा लेखक मिळाला तर त्याची बाकीची पुस्तकंही शोधा. नुसती तारीख ठोकून पुढे जाणारा लेखक कितीही सोपा लिहीत असला, तरी मी त्याचं नाव कुणाला सुचवणार नाही.

वाचताना लांबलचक प्रस्तावना शेवटी ठेवा. एक खूण चालू पानावर आणि दुसरी नकाशावर किंवा वंशावळीवर असू द्या. एकाच नावाचे आजोबा आणि नातू आले की या दुसऱ्या खुणेची गरज पडतेच.