412 रुपयांच्या व्याजापायी पाच फेऱ्या

विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे सरकारी अनुदान कसं खर्च झालं याचा दाखला, लिहायला बसण्याआधी बँकेत जाऊन पासबुक भरून आणा. मी तसं केलं नाही, म्हणून हेच आधी सांगते.

आमची मराठी शाळा बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिम कडेला, रानाला लागून. पट 64, म्हणून समग्र शिक्षण या सरकारी योजनेचं शाळा अनुदान 25000. पावसाळ्यात इथे मोबाईलची रेंज दोन-दोन दिवस नसते. ओढ्याला पाणी चढलं तर वाडीवरच्या पालकांना निरोप कसा द्यायचा? म्हणून एसडीएमसीत, म्हणजे शाळेच्या विकास व देखरेख समितीत, ठराव करून भोंगा, बॅटरी आणि हातातला माईक घेतला, भिंतीवर 1098 (मुलांसाठी मदत) आणि 112 (आपत्कालीन मदत) हे नंबर मोठे रंगवून घेतले. आठवड्यात सगळं झालं.

अडलं ते हिशोबाला. प्रमाणपत्राच्या 12-अ नमुन्यात मागची शिल्लक, व्याज, मिळालेलं अनुदान, खर्च आणि उरलेली रक्कम जुळावी लागते. व्याजाच्या रकान्यात मी शून्य लिहिलं. "बाई, खात्यावर व्याज पडतं की!" म्हणत कार्यालयातून कागद परत. पासबुक भरलं तर व्याज 412 रुपये. तो आकडा घातला, पण खालची शिल्लक तशीच राहिली, पुन्हा परत. शिल्लक खोडून दुरुस्त केली, तर खाडाखोड चालत नाही म्हणाले. कोऱ्या नमुन्यावर लिहायचं तर समितीच्या अध्यक्षांची सही नव्याने हवी, आणि अध्यक्ष गोव्यात कामाला. ते बिचारे रात्रीच्या गाडीने आले, सही केली. त्यांचा एक रोज बुडाला याचं मला अजून वाईट वाटतं.

चौथ्या फेरीला नवीनच निघालं: ठराव मराठीत आहे, कन्नड प्रत जोडा. मराठी शाळेच्या समितीची वही मराठीतच असणार! प्रत हवी तर देऊ, पण पहिल्याच दिवशी सगळ्या त्रुटी एका कागदावर लिहून का देत नाहीत? दर वेळी "नाळे बन्नि" (उद्या या) ऐकून मी परतायची, आणि तेवढा वेळ चौथी-पाचवीचा वर्ग बिनमास्तरांचा. शेवटी सीआरपी, म्हणजे आमच्या शाळासमूहाचे मार्गदर्शक, सरांनी शेजारी बसून कन्नड प्रत करून दिली.

हो, अनुदानातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर लागतात, ती बिलं वेगळी लावा. भोंगा साठा नोंदवहीत चढवायलाही विसरू नका.

पाचव्या फेरीला कागद घेतले. मी खिडकीपासून हलले नाही. माझ्या प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का पडल्यावरच बस धरली.