सर्व्हरचं घड्याळ मागे, शिव्या उबंटूला

घरच्या सर्व्हरवरच्या फाइली डेस्कटॉपवर उघडेनात, म्हणून मागच्या नोंदीत उबंटूला (माझ्या डेस्कटॉपवरच्या लिनक्सला) घातलेल्या शिव्या आज परत घेतो. चोर माझाच पाय निघाला, म्हणजे रास्पबेरी पाय, सर्व्हर म्हणून ठेवलेला छोटा संगणक.

मांडणी जुनीच. अंबाजोगाईतल्या घरी पाय ४ वर सांबा या सॉफ्टवेअरचा डोमेन कंट्रोलर (डीसी, म्हणजे घरातल्या संगणकांची ओळख तपासणारा) आणि त्याच्यावरच शेअर, म्हणजे सामायिक फोल्डर. (डीसीवर फाइली ठेवू नका, असं सांबावाले कानीकपाळी ओरडतात. ठाऊक आहे. दुसरा पाय घ्यायला पैसे द्या.) माझा उबंटू डेस्कटॉप डोमेनमध्ये, शेअर माउंट होतो (जोडला जातो) कर्बेरॉसने, म्हणजे डीसीकडून वेळेचा शिक्का असलेलं तिकीट घेऊन ओळख पटवायच्या पद्धतीने. बायकोचा लॅपटॉप विंडोज ११ होम. होमला डोमेनमध्ये घेता येत नाही, म्हणून तिचा ड्राइव्ह थेट आयपी पत्त्यानं मॅप केलेला.

दुखणं असं: लाईट जाऊन आली की डेस्कटॉपवर शेअर माउंट होईना. किनिट मारलं (तिकीट मागायची आज्ञा) की 'क्लॉक स्क्यू टू ग्रेट', म्हणजे घड्याळांत फार फरक. डेस्कटॉपचं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवलं, तर तंतोतंत. बायकोचं मात्र बिनतक्रार चालू! म्हणून सगळा संशय लिनक्सवर. कीटॅब (कर्बेरॉसच्या किल्ल्यांची फाइल) नव्याने काढली, डीएनएस तपासलं, दोनदा डोमेनमधून काढून परत जोडलं, एका रविवारी तर उबंटूच नव्याने टाकलं. त्यातही छळ असा की चहा घेऊन परत येईस्तोवर सगळं आपोआप सुरू झालेलं असायचं. म्हणजे शेवटी जे केलं त्यानंच जमलं, असं वाटून मी खूश.

शेवटी बायकोच म्हणाली, "अहो, ही प्रश्नपत्रिका मी आत्ता बनवली, मग वेळ सव्वासहाची कशी दाखवतंय?" साडेसात वाजले होते.

तिथं ट्यूब पेटली. पाय ४ ला बॅटरीवरचं घड्याळच नसतं. फेक-एचडब्ल्यूक्लॉक दर तासाला वेळ फाइलीत लिहून ठेवतं आणि बूट झाल्यावर तिथूनच मोजायला लागतं. लाईट झटक्यात गेली की शेवटची नोंद तासभर जुनी असू शकते, वर लाईट नसल्याचा वेळ. एरवी क्रोनी हा वेळ जुळवणारा प्रोग्राम ती नेटवरून दुरुस्त करतो, पण आमच्याकडे लाईट आल्यावरही नेट अर्धा तास उशिरा येतं. कर्बेरॉसची सहनशक्ती मुळातच ५ मिनिटांची. आणि बायकोचं चालायचं कारण आयपी पत्त्यानं जोडलं की विंडोज कर्बेरॉसच्या वाटेला न जाता एनटीएलएम ही जुनी ओळख-पद्धत वापरतं, तिला तिकीट लागत नाही. जे गावठी जोडलं तेच टिकलं, याचा राग अजून गेलेला नाही.

एक आडवाट सुचली होती: डेस्कटॉपलाही वेळ डीसीकडूनच घ्यायला लावायची. सगळेच सारखे चुकले की कर्बेरॉस खूश! पण मग बॅकअपच्या तारखांचा बट्ट्याबोळ.

म्हणून पायला डीएस३२३१ हे बॅटरीवरचं घड्याळ बसवलं. ऑनलाइन मागवलेलं पहिलं मॉड्यूल मुकंच निघालं. दुसरं पुण्याच्या बुधवार पेठेतून भाच्याकरवी आणलं. हातात घेऊन बघता येतं, मी तरी आता तिथूनच घेणार. कॉन्फिगमध्ये एक ओळ, फेक-एचडब्ल्यूक्लॉकला निरोप, आणि आय-टू-सीच्या (चिपा जोडायच्या तारांच्या) तक्त्यात ६८ च्या जागी 'यूयू' दिसलं, म्हणजे लिनक्सनं घड्याळ ताब्यात घेतलं, तेव्हा बायकोला उठवून दाखवलं. तिनं बघितलं नाही. ही चिप ४० अंशांपर्यंत ±२ पीपीएम (दहा लाखांत दोन भागांची चूक) पाळते. आमच्या मे महिन्यात पारा त्याच्या वर जातो, तेव्हा ±३.५ धरा. वर्षाला दोन मिनिटांच्या आतच.

काल पाय आणि राउटर दोन्हींची पिन काढून तासभर ठेवली. मग राउटर नेटविना चालू केला. पहिल्या फटक्यात तिकीट!

पुढं एन्क्रिप्शन वगैरे करणार होतो, ते राहू दे. भाच्याची जुनी मॅकची डिस्क आर-सिंकने (फाइली उतरवायच्या प्रोग्रामने) शेअरवर उतरवली, तर 'शेतकऱ्यांचे फोटो' हे फोल्डर दोनदा दिसतंय. अक्षर न् अक्षर सारखं. मॅकच्या त्या जुन्या एचएफएस प्लस या फाइल-पद्धतीनं 'ऱ' फोडून र आणि खाली नुक्ता असा साठवलाय, आणि लिनक्सला ती दोन वेगळी नावं. 'ऱ'वाल्यांनी सावध राहा. उद्या कन्व्हएमव्ही (फाइलींची नावं बदलणारा प्रोग्राम) एनएफसीवर, म्हणजे अक्षरं जोडलेल्या रूपावर, चालवून बघतो, आधी नुसती कोरडी चाचणी.