हळदीकुंकवाचं बदक

संक्रांत ते रथसप्तमी माझ्या शिवणाच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. हळदीकुंकवाला नवा ब्लाऊज सगळ्यांनाच हवा असतो आणि तोही उद्याच. तरी या दिवसांतला एक सोमवार मी कुणालाच देत नाही. पहाटे चारला हडपसर सोडायचं, सोलापूर रस्त्याने भिगवण, तिथून आत उजनीच्या पाण्याकाठचं कुंभारगाव. उजाडायच्या आत नानांच्या होडीत बसायचं.

भीमेवर उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झालं आणि त्याच्या फुगवट्याखाली कितीतरी गावांची शेतं गेली. नानांचीही गेली. तेव्हापासून घरात मासेमारी, आणि आता हिवाळ्यात पक्षी बघायला येणाऱ्यांना फिरवणं. बहुतेक लोक येतात रोहितांसाठी, म्हणजे फ्लेमिंगोंसाठी. मी जाते ते हळदीकुंकू बदकासाठी.

हे नाव ज्याने कुणी ठेवलं त्याची नजर फार चांगली होती. अंगाने करडं-तपकिरी, पिसांवर खवल्यासारखी नक्षी, चोच काळी. पण चोचीचं टोक हळदीसारखं पिवळं आणि चोच कपाळाला मिळते तिथे दोन्ही बाजूंना कुंकवाचा एकेक ठिपका. हे बदक इथलंच, बारा महिन्यांचं, परदेशातून येत नाही. म्हणून त्याच्याकडे कुणी कॅमेरा वळवत नाही. मला त्याचा एकच फोटो हवा होता: समोरून, डोळ्याच्या पातळीवर, हळद आणि दोन्ही ठिपके स्पष्ट दिसणारा.

होडीत बसून तो मिळत नाही. होडीतून आपण वरून खाली बघतो आणि पक्षी पाण्यात चिकटवल्यासारखा दिसतो. काठावर पालथं पडावं लागतं, लेन्स पाण्यापासून वीतभर उंचीवर. शिवाय वारा आपल्या पाठीकडून हवा. पाणपक्षी वाऱ्याकडे तोंड करून बसतात आणि उडतातही वाऱ्याच्या विरुद्ध, म्हणजे वारा पाठीवर असेल तर त्यांची तोंडं आपल्याकडे. हे मला तिसऱ्या हिवाळ्यात समजलं. त्याआधीच्या दोन हिवाळ्यांतले माझे फोटो म्हणजे नुसत्या शेपट्या.

लेन्स टेकवायला मी जुन्या जीनची पिशवी शिवली, खाली चेन लावली आणि आत दोन किलो मटकी भरली. दाणा बारीक, लेन्स छान बसते. पहिल्याच दिवशी पिशवी पाण्यात भिजली. घरी आल्यावर दुकानाच्या गडबडीत ती बाल्कनीत राहिली आणि तिसऱ्या दिवशी जीनच्या शिवणीतून मोड बाहेर आले. कुजलेला वास दोन धुण्यांत गेला नाही. आता आत प्लास्टिकचं अस्तर आहे, त्याला दुहेरी शिवण आहे. अंगावर घ्यायची चादर मांजरपाटाची आहे, गाळाच्या रंगात रंगवलेली. आधी टेरिकॉट वापरून पाहिलं होतं, पण ते हलताना सळसळतं आणि उन्हात चमकतं.

गाळाचं मात्र शिवणकामात उत्तर नाही. फेब्रुवारीत पाणी उतरायला लागलं की काठाला जमीन उघडी पडते. वरून वाळलेली, भेगाळलेली, अगदी शेतासारखी दिसते. खाली लोण्यासारखा गाळ. गेल्या वर्षी मी नानांना न विचारता त्यावरून चालत गेले आणि सातव्या-आठव्या पावलाला गुडघ्याच्या वर रुतले. एक पाय ओढला की दुसरा आणखी खोल. तोल सावरायला हात पुढे टाकले आणि 200-500 ची लांब पल्ल्याची लेन्स कॅमेऱ्यासकट चिखलात.

नाना लांबून ओरडले, ‘‘ताई, पाय वढू नका! आडव्या व्हा, आडव्या!’’

मी पोटावर पसरले. त्यांनी होडीतली फळी सरकवली. तिच्यावर छातीचा भार टाकून पाय हळूहळू मोकळे केले. एक बूट अजून तिथेच आहे. कॅमेऱ्याची बॅटरी आणि कार्ड मी लगेच काढलं, चालू करून पाहिला नाही. म्हणूनच तो वाचला असं दुरुस्तीवाले म्हणाले. खर्च 11,000 रुपये आला. कापडाच्या कडा शिवणाऱ्या नवीन ओव्हरलॉक मशीनसाठी बाजूला ठेवलेले पैसे होते ते.

या सगळ्याचं मला आता काही वाटत नाही. एक गोष्ट मात्र अजून टोचते.

माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात उथळ पाण्यात पट्टकदंबांचा थवा बसला होता. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे असलेले हंस. मध्य आशियातून, हिमालय ओलांडून येतात. शंभर-सव्वाशे तरी असतील. बरेच जण मान पिसांत खुपसून झोपले होते. मला उडतानाचा फोटो हवा होता. मीच नानांना म्हणाले, ‘‘थोडी आत घ्या ना होडी, उडतील.’’ शेजारच्या होडीतले लोक तेच करत होते, हे काही कारण नाही. नाना काही बोलले नाहीत, त्यांनी वल्हं मारलं. सगळा थवा एकदम उठला, आमच्या डोक्यावरून ओरडत गेला, बसायला जागा शोधत तीन घिरट्या घातल्या आणि पार पलीकडच्या काठाला गेला. तिथे दुसरी होडी होती. तिथूनही उठले.

हे पक्षी इथे येतात ते खायला आणि विश्रांती घ्यायला. मार्चच्या सुमारास परत डोंगर ओलांडायचा असतो, त्यासाठी अंगात चरबी साठवायची असते. त्यांची ती सकाळ मी एका फोटोसाठी खर्च केली. फोटो उत्तम आला, सेकंदाच्या 1/2000 शटरला प्रत्येक पीस मोजता येईल असा. तो मी कुठेही टाकलेला नाही, टाकणारही नाही. होडीत बसून ‘‘उडवा की जरा’’ म्हणणारे भेटले की मी आता गप्प बसत नाही. दोन-तीनदा भांडणही झालं आहे. होऊ दे.

गेल्या सोमवारी साडेसहाला नानांनी मला गवताच्या एका टोकावर सोडलं. तिथे जमीन घट्ट आहे, हे आधी वल्ह्याने टोचून बघितलं. मग ते होडी घेऊन लांब गेले. मी चादर ओढून पडले. थंडीने बोटं लाकडासारखी झाली होती. समोर वारकऱ्यांची, म्हणजे त्या काळ्या, पांढऱ्या कपाळाच्या पाणपक्ष्यांची, कुरबूर चालली होती. थापट्या बदकांची एक टोळी गोल गोल फिरत पाणी गाळत होती. पावणेनऊच्या सुमारास गवतातून हळदीकुंकवांची जोडी बाहेर आली. वारा पाठीवर, ऊन पाठीवर. पंधरा फुटांवर येऊन थांबली. एकाने मान वर करून सरळ माझ्याकडे पाहिलं. टोकाला हळद, वर दोन ठिपके.

माझ्या श्वासाची वाफ व्ह्यूफाइंडरवर धरली होती. मला सगळं धुरकट दिसत होतं, पुसायला हात हलवला असता तर जोडी उडून गेली असती. मी अंदाजाने बटण दाबलं. सात फोटो आले. सहांत फोकस पुढच्या गवतावर आहे. सातव्यात तो डोळ्यावर आहे, पण तोवर मान किंचित वळलेली, त्यामुळे कुंकवाचा एकच ठिपका दिसतो.

मग मी कोपरांवर मागे मागे सरकत निघाले. नानांची होडी लागायला वीस मिनिटं गेली. होडीतून वळून बघितलं तेव्हा ती दोघं तिथेच होती, डोकी पाण्याखाली, शेपट्या वर, चरत.