लांट्टुलाटिक्को: कडवटपणा राखून शिजवलेला कंद

फिनलंडमध्ये नाताळचे मुख्य जेवण २४ डिसेंबरच्या संध्याकाळी होते. दुपारी बारा वाजता तुर्कू शहरात नाताळच्या शांततेची घोषणा वाचली जाते, ती घरोघरी दूरचित्रवाणीवर पाहिली जाते आणि मग जेवणाच्या तयारीला वेग येतो. टेबलाच्या मधोमध डुकराच्या मांसाचा भाजलेला भला मोठा तुकडा असतो. पण माझ्यासारख्या केवळ अंड्यापर्यंत मजल गेलेल्या माणसाचे लक्ष त्याच्या शेजारच्या तीन भांड्यांकडे असते. एकात बटाटा, दुसऱ्यात गाजर आणि भात, आणि तिसऱ्यात लांट्टू, म्हणजे इंग्रजी मुलखात ज्याला रुटाबागा म्हणतात तो जाड सालीचा, वरून जांभळट आणि आतून पिवळा कंद. हे तिन्ही पदार्थ ओव्हनमध्ये भाजलेले, दुधा-क्रीमचे आणि थोडे गोडसर असतात. मला त्यांपैकी लांट्टूचा, म्हणजेच लांट्टुलाटिक्को, सर्वांत अधिक आवडतो.

लांट्टू हा कोबी आणि सलगम यांच्या संकरातून निर्माण झालेला आहे. मोहरीच्या कुळातील या वनस्पतींचे परस्परांशी असलेले नाते ऊ नागाहारू या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये मांडले. त्या मांडणीनुसार सलगमाच्या जातीचा काळ्या मोहरीशी संकर होऊन आपल्या फोडणीतील मोहरी आली आणि त्याच जातीचा कोबीशी संकर होऊन लांट्टूची जात आली. म्हणजे हा कंद आपल्या मिसळणाच्या डब्याचा नातेवाईकच आहे, आणि कच्चा किसून नाकाशी नेला की ते नाते लगेच पटते. मोहरीला झणका देणाऱ्या गंधकयुक्त द्रव्यांचा वर्ग याच्यातही असतो. शिजल्यावर त्यातील उग्रपणा बराच ओसरतो, मात्र मागे एक कडवट छटा उरते.

या छटेशी कसे वागायचे यावर सगळा पदार्थ अवलंबून आहे असे माझे ठाम मत आहे. पुष्कळ लोक ती दडपू पाहतात: लांट्टू दोन पाण्यांत उकळतात, निम्मे गाजर मिसळतात किंवा पाक एवढा ओततात की खाणाऱ्याला ते पक्वान्न वाटावे. दुकानात ॲल्युमिनियमच्या पसरट डब्यांत मिळणारा तयार लांट्टुलाटिक्कोही मला याच कारणाने आवडत नाही. क्रीम, पाक आणि जायफळ यांचे काम कडवटपणाला सोबत देण्याचे आहे, त्याला घालवून देण्याचे नाही. कारल्याच्या भाजीत गूळ घालणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागू नये.

सुमारे दीड किलो लांट्टू घ्यावा. साल सोलाण्याने काढण्याच्या फंदात पडू नये. सालीखालचा थर राठ असतो, त्यामुळे सुरीने जाडसरच सोलावे. पेराएवढ्या फोडी करून त्या बुडतील इतक्याच पाण्यात थोडे मीठ घालून झाकण ठेवून शिजवाव्यात. बटाट्याहून याला वेळ अधिक लागतो, अर्धा तास तर सहज जातो. सुरी विनासायास आत शिरली पाहिजे, कारण येथे अर्धवट राहिलेली फोड पुढे ओव्हनमध्येही मऊ होत नाही. पाणी निथळून वाटीभर बाजूला ठेवावे आणि फोडी गरम असतानाच घोटाव्यात. बटाटा मिक्सरमध्ये फिरवला तर चिकट होतो, तसे लांट्टूचे होत नाही, कारण त्यात पिष्ट फारच थोडे असते. तरीही शेजारच्या आजी लाकडी घोटणीच वापरतात आणि बारीक कण राहू देतात. ते कण दाताखाली आले पाहिजेत, या त्यांच्या म्हणण्याशी मी सहमत आहे.

फोडी शिजत असताना दोनशे मिलिलिटर क्रीममध्ये शंभर मिलिलिटर टोस्टचा चुरा भिजत घालावा. बेकरीत मिळणारा साधा टोस्ट कुटून घेतला तरी चालतो, मात्र तो वेलदोड्याचा किंवा फार गोड नसावा. चुरा फुगला की त्यात एक अंडे, चमचाभर मीठ आणि तीन-चार मोठे चमचे गडद रंगाचा पाक घालून हे मिश्रण घोटलेल्या लांट्टूत कालवावे. फिनलंडमध्ये पाक म्हणजे साखरेच्या कारखान्यातून येणारा दाट काळसर पाक. मी मात्र त्याच्याऐवजी कोल्हापूरहून आणलेली काकवी वापरते, आणि आजींना ती इतकी पसंत पडली की आता दर सुट्टीत त्यांच्यासाठी एक बाटली आणावी लागते. काकवीला स्वतःचा किंचित खारट, मातकट स्वाद असतो आणि तो कंदाच्या कडवटपणाला पांढऱ्या साखरेपेक्षा फार चांगला मिळतो. अंडे चालत नसेल त्यांनी ते वगळून चुरा थोडा वाढवावा. पदार्थ जरा सैल होतो, चवीत उणे काही येत नाही.

मसाल्यांत पांढरी मिरी आणि जायफळ हवेच, सुंठ असल्यास उत्तम, आणि काही घरांत ऑलस्पाइसही पडते. जमैकाकडच्या त्या फळात लवंग, दालचिनी आणि जायफळ यांचा एकत्र भास होतो. ते नसेल तर एका लवंगेची पूड पुरते. दीड किलोला मिरी आणि सुंठ प्रत्येकी अर्धा लहान चमचा आणि जायफळ त्याच्याही निम्मे, याहून पुढे जाऊ नये. जायफळ आपल्याकडे श्रीखंडात, बासुंदीत, पुरणात, म्हणजे बहुधा गोडातच पडते, त्यामुळे मिठाच्या पदार्थात ते पहिल्यांदा चमत्कारिक वाटते. हात सैल सोडला तर मात्र हा पदार्थ खरोखरच बिघडलेल्या बासुंदीकडे झुकतो.

मिश्रण सैल असावे, पळीवाढ्या वरणाहून थोडे दाट. घट्ट वाटले तर बाजूला ठेवलेले पाणी घालावे. लोणी लावलेल्या पसरट भांड्यात ते ओतून चमच्याच्या पाठीने वर लाटांसारखी नक्षी काढतात. ही नक्षी केवळ शोभेची नाही. उंचवटे आधी तांबूस होतात, खळग्यांत लोणी साचते आणि एकाच चमच्यात दोन्ही चवी येतात. वरून थोडा चुरा भुरभुरावा आणि लोण्याचे लहान गोळे ठेवावेत.

त्यानंतर १५० अंश सेल्सिअसवर दोन तास. घाईने आच वाढवून चालत नाही. कच्च्या लांट्टूत जवळजवळ नव्वद टक्के पाणी असते आणि ओव्हनचे मुख्य काम ते पाणी सावकाश उडवून चव आटवण्याचे आहे. आच मोठी असेल तर वरचा थर करपतो आणि पोटात पाणी तसेच राहते. जुन्या शेतकरी घरांत पाव भाजून झाल्यावर विटांच्या भट्टीत उरलेल्या धगीवर असे पदार्थ ठेवत, आणि आजच्या कृतीतील मंद आच त्याच सवयीची आहे. कडा गडद तपकिरी होऊन भांड्यापासून सुटू लागल्या की झाले समजावे.

हाच कंद जर्मनीत मात्र कित्येक वर्षे नकोसा मानला गेला. पहिल्या महायुद्धात बटाट्याचे पीक बुडाल्यावर १९१६-१७ च्या हिवाळ्यात तेथील लोकांना भाकरीपासून मुरंब्यापर्यंत सगळे याच कंदाचे खावे लागले, आणि त्या हिवाळ्याला त्याचेच नाव पडले. क्रीम आणि लोण्याविना रोज तेच खावे लागल्यावर कोणाचेही मन विटेल.

महाराष्ट्रात लांट्टू सहसा मिळत नाही. पुण्याला गेले की मी सलगम वापरते, पण त्यात पाणी आणखी जास्त असल्यामुळे चौथा हिस्सा बटाटा घालते आणि भाजण्याचा वेळ थोडा वाढवते. नवलकोल वापरून पाहावा असे कोणी सुचवले तर मी नको म्हणेन. तो फार सौम्य आहे आणि क्रीममध्ये हरवून जातो.

हा पदार्थ दोन-तीन दिवस आधी करून ठेवता येतो, गोठवूनही चांगला टिकतो आणि दुसऱ्या दिवशी अधिक मुरतो. सोबत राय धान्याचा आंबट काळा पाव आणि खारवलेल्या अळिंबीची क्रीममधली कोशिंबीर असली की माझे पूर्ण जेवण होते. ज्वारीच्या भाकरीबरोबर तो मला जमला नाही. तिच्या जोडीला काहीतरी तिखट लागते आणि हा तिखट होऊ शकत नाही.